तबकड्या न वाचणारा ड्राइव्ह : दोष कोठें शोधावा ?

संगणकाचा ड्राइव्ह एक तबकडी बिनबोभाट वाचतो आणि दुसरी आंत घालतांच घरघर करून स्वस्थ बसतो, हा अनुभव आतां पुष्कळ घरीं येऊं लागला आहे. पुण्याच्या ईशान्येस विश्रांतवाडी, कळस, धानोरी, लोहगांव या बाजूची बरीच शेतजमीन शहराच्या वाढीबरोबर वस्तीखालीं गेली. अशा घरांत मोजणीच्या नकाशांचीं छायाचित्रें, जुन्या बांधांचें चित्रमुद्रण, वडील माणसांचे आवाज असें कांहींना कांहीं सी. डी. किंवा डी. व्ही. डी. वर ठेवलेलें असतें. तें उघडेनासें झालें कीं कोणी तबकडी फेकून देतो, तर कोणी ड्राइव्ह. दोन्ही गोष्टी घाईच्या होत. बीं उगवलें नाहीं तर दोष बियाण्याचा कीं वाफ्याचा हें ठरविण्यास तेंच बीं दुसऱ्या वाफ्यांत व दुसरें बीं त्याच वाफ्यांत टाकून पाहावें लागतें. येथेंही तोच मार्ग आहे.

तबकडी कशी वाचली जाते

सी. डी. १९८२ सालीं फिलिप्स व सोनी या कंपन्यांनीं बाजारांत आणली. तिच्यावर मजकूर मळसूत्राप्रमाणें एकाच लांब रेषेंत, आंतून बाहेर असा लिहिलेला असतो. ड्राइव्हमधील लेसर-किरण भिंगांतून त्या रेषेवर पडतो व परतणाऱ्या प्रकाशाच्या कमीजास्तपणावरून मजकूर ओळखला जातो. सी. डी. च्या दोन वळशांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर, डी. व्ही. डी. चें ०.७४ व ब्लू-रेचें ०.३२ असतें; मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाभरीच्या फणांतील अंतर बदललें कीं जुनें कोळपें त्या ओळींत चालत नाहीं, त्याप्रमाणें येथेंही प्रत्येक जातीस वेगळा किरण लागतो : सी. डी. ला ७८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, डी. व्ही. डी. ला ६५० चा व ब्लू-रेला ४०५ चा.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. डी. व्ही. डी. च्या ड्राइव्हांत ब्लू-रे कधींच वाचली जाणार नाहीं. तो बिघाड नव्हे. आणि एकाच ड्राइव्हांत सी. डी. चा व डी. व्ही. डी. चा किरण निरनिराळा असल्यामुळें एक निकामी होऊन दुसरा शाबूत राहूं शकतो.

चार तबकड्यांची कसोटी

चार चांगल्या तबकड्या जमवाव्या : कारखान्यांत छापलेली सी. डी., घरीं लिहिलेली सी. डी., छापलेली डी. व्ही. डी. आणि घरीं लिहिलेली डी. व्ही. डी. या चारही दुसऱ्या एकाद्या संगणकावर चालतात अशी आधीं खात्री करून घ्यावी. मग त्या संशयित ड्राइव्हांत एकामागून एक घालाव्या, आणि न वाचली जाणारी तबकडी दुसऱ्या ड्राइव्हांत घालून पाहावी. जें दिसेल तें कागदावर टिपावें.

विश्रांतवाडीच्या एका घरीं दोन्ही सी. डी. वाचल्या जातात व दोन्ही डी. व्ही. डी. वाचल्या जात नाहींत असें समजूं. अशा वेळीं प्रथम ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवर डी. व्ही. डी. ची खूण आहे कीं नाहीं तें पाहावें. नसेल तर तो केवळ सी. डी. चा ड्राइव्ह आहे. खूण असून भिंग पुसल्यावरही फरक न पडल्यास डी. व्ही. डी. चा किरण दुबळा झाला आहे असें मानण्यास हरकत नाहीं. मग ड्राइव्ह बदलणेंच स्वस्त पडतें.

छापलेल्या तबकड्या चालतात व घरीं लिहिलेल्या चालत नाहींत, असें आढळल्यास भिंगावरील धूळ किंवा क्षीण होत चाललेला किरण यांचा संशय घ्यावा. छापलेल्या तबकडींत ॲल्युमिनियमचा थर असतो व तो प्रकाश चांगला परतवितो. घरीं लिहिलेल्या तबकडींत रंगद्रव्याचा थर असतो, आणि पुन्हां पुन्हां लिहितां येणारी सी. डी. तर पंधरा ते पंचवीस टक्केच प्रकाश परत पाठविते. म्हणून थकलेला ड्राइव्ह प्रथम अशाच तबकड्यांवर अडतो.

एकच तबकडी सर्व ड्राइव्हांत अडत असेल तर दोष तबकडीचा. जी तबकडी लिहिली त्याच यंत्रावर वाचली जाते आणि इतरत्र कोरी दिसते, ती बहुधा लिहिल्यानंतर बंद केलेली नसते. मूळ यंत्रांत घालून ‘फायनलाइज’ ही क्रिया केल्यास ती इतरत्र चालूं लागते. दुहेरी थराची डी. व्ही. डी. मध्यावर येऊन थांबत असेल तर एका थरावरून दुसऱ्यावर जातांना ड्राइव्हची पकड सुटत आहे असें समजावें. परदेशांतील नातेवाइकांनीं आणलेल्या चित्रपटाच्या डी. व्ही. डी. ची गोष्ट आणखी निराळी : भारताचा विभाग ५ आहे, अमेरिकेचा १, युरोप व आखाती देशांचा २. विभाग न जुळल्यास तबकडी निर्दोष असूनही चालत नाहीं. ड्राइव्हचा विभाग पांचच वेळां बदलतां येतो, म्हणून उगीच बदलूं नये.

बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह असल्यास आणखी एक पाहावें. तबकडी फिरूं लागतांच तो बंद पडत असेल तर त्यास वीज अपुरी पडत असते. मधला जोड काढून तो सरळ संगणकासच लावावा.

साफसफाई

तबकडी मऊ सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसूं नये. आडवा ओरखडा रेषेस क्षणभरच छेदतो आणि सी. डी. च्या रचनेंतच चूक भरून काढण्याची सोय असल्यामुळें रेषेवरील सुमारें दोन मिलिमीटरपर्यंतची सलग तूट यंत्र आपण होऊन दुरुस्त करतें. वर्तुळाकार ओरखडा मात्र रेषेबरोबर चालतो व ही मर्यादा ओलांडतो. मळ चिकट असल्यास साध्या पाण्यांत सौम्य साबण घालून धुवावी. रॉकेल, पेट्रोल व थिनर अगदीं वर्ज्य.

सी. डी. ची चकचकीत बाजू नाजूक व नांव लिहिण्याची बाजू दणकट हा समज उलटा आहे. मजकुराचा थर नांवाच्या बाजूसच, पातळ लाखेखालीं असतो. तेथें बॉलपेननें जोर देऊन लिहिल्यास किंवा चिकटविलेला कागद ओढून काढल्यास जें जातें तें परत येत नाहीं. डी. व्ही. डी. चा थर मात्र दोन चकत्यांच्या मध्यें असतो.

ड्राइव्हचें भिंग ताटलीवरच दिसत असेल तर वीज बंद करून रबरी फुग्यानें धूळ उडवावी व लागल्यास कापसाच्या काडीनें अगदीं हलक्या हातानें पुसावें. चालू ड्राइव्ह उघडून किरणाकडे कधींही पाहूं नये. तडा गेलेली तबकडी आंत घालूं नये. वेगवान ड्राइव्ह मिनिटास सुमारें दहा हजार फेरे घेतो व अशी तबकडी आंतच फुटते.

मजकूर वांचविण्याचा क्रम

येथवर ड्राइव्हचें झालें. खरा प्रश्न मजकुराचा आहे. रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता व दमट हवा यांनीं उतरतो. पत्र्याच्या छपराखालीं उन्हाळे-पावसाळे काढलेली तबकडी आज एकदां वाचली गेली तर उद्यां वाचली जाईलच असें नाहीं. म्हणून ती उघडतांच पाहत बसूं नये, आधीं प्रत काढावी. अडखळत असल्यास वाचनाचा वेग कमी करावा व दुसऱ्या जातीचा ड्राइव्ह वापरून पाहावा. ‘डीडीरेस्क्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम प्रथम चांगला भाग उतरवून घेतो, मग खराब भागाकडे वळतो व काय राहिलें याची नोंद ठेवतो. त्यामुळें एका ड्राइव्हास न जमलेला भाग दुसऱ्यावर मिळवून जोडतां येतो.

कोणत्या तबकडीपासून आरंभ करावा हेंही ठरवावें. सातबारा २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह संगणकावरून मिळतो आणि मोजणीची ‘क’ प्रत भूमि-अभिलेख कार्यालयांत अर्ज करून पुन्हां मागतां येते. आपण स्वतः काढलेलीं छायाचित्रें व मुद्रित केलेले आवाज कोणत्याही कचेरींत नाहींत. त्यांस पहिला मान द्यावा.

प्रत निघाली तरी मूळ तबकडी जपावी. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीविषयींच्या खटल्यांत चित्रमुद्रणाच्या तबकड्या पुराव्यांत आल्या होत्या. त्यांत सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं असें ठरविलें कीं, मूळ साधन हजर न करतां प्रत दाखल करावयाची तर कायद्यांत सांगितलेलें प्रमाणपत्र आवश्यक आहे. बांधाच्या किंवा वाटणीच्या तंट्यांत असलें चित्रमुद्रण उपयोगीं पडणार असेल तर वकिलाचा सल्ला घेतल्यावांचून मूळ टाकूं नये.

काढलेल्या प्रती दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवून त्यांतील एक दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि बेंदाड काढतांना कणग्या तपासतो तशा वर्षांतून एकदां उघडून पाहाव्या. ड्राइव्ह बाजारांत दुसरा मिळेल. तबकडीवरील मजकूर मिळणार नाहीं. यासाठीं येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या पेटींतील तबकड्या बाहेर काढून ही कसोटी एकदां करून घ्यावी.