मक्याचा पाक की उसाची साखर?

प्रश्न : अमेरिकी शीतपेयांतील मक्याचा पाक उसाच्या साखरेपेक्षा अपायकारक असतो का?

उत्तर : मक्याच्या स्टार्चवर विकरांची प्रक्रिया करून प्रथम ग्लुकोज व मग त्यातील बऱ्याच भागाचे फ्रुक्टोज केले की जो गोड द्रव मिळतो, त्याला हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप म्हणतात; शीतपेयांसाठीच्या प्रकारातील शर्करेत सुमारे ५५ टक्के फ्रुक्टोज असते. उसाच्या साखरेत, म्हणजे सुक्रोजमध्ये, हीच दोन द्रव्ये निम्मी निम्मी जोडलेली असतात आणि लहान आतड्यातील सुक्रेज हे विकर ती जोडी सोडवते, त्यामुळे रक्तात पोहोचेपर्यंत दोहोंतील फरक जवळजवळ उरत नाही. दोहोंतील फ्रुक्टोजचा निपटारा मुख्यतः यकृतात होतो आणि ते वारंवार, मोठ्या प्रमाणात आले तर तेथे त्याची चरबी बनू लागते. मग बाटलीवर ‘अस्सल उसाची साखर’ असे कितीही ठळक छापलेले असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात अशी वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी; अमेरिकेतील कोकाकोलाच्या ३५५ मिलिलिटरच्या एका कॅनमध्येच ती ३९ ग्रॅम भरते.