हरलात तरी हिशेब द्या

ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या उमेदवारांचे निवडणूक खर्चाचे हिशेब मी भंडारा जिल्ह्यात लिहून देतो. उभं राहायचं मनात असणाऱ्यांसाठी हे चार बोल.

१. पडलेल्या उमेदवारालाही हिशेब द्यावाच लागतो. "हरलो न जी, आता कायचा हिशेब?" हे मी दर ग्रामपंचायत निवडणुकीनंतर ऐकतो. निकालापासून तीस दिवसांत हिशेब पोचला नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब खाली पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. विधानसभा-लोकसभेला अपात्रतेची मुदत तीन वर्षांची आहे. वारेमाप पैसा उधळला म्हणून अडकलेला गावचा माणूस मला आजवर भेटलेला नाही. अडकते ती रोवणीला जाणारी, राखीव जागेवर कुणीतरी उभी केलेली बाई. चार कागद तहसीलमध्ये द्यायचे असतात, हे तिला कुणी सांगतच नाही. पुढच्या वेळी तिचा अर्ज छाननीतच बाद होतो. याचं मला फार वाईट वाटतं. कागद द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

२. वही रोज संध्याकाळी लिहा, पावत्यांसकट. चहा, पोहे, खुर्ची, मंडप, जीप यांचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवतं आणि खर्च पथक तुमच्या खर्चाची स्वतंत्र नोंद ठेवणाऱ्या आपल्या छाया नोंदवहीत त्याच दराने आकडा धरतं. तुमच्याकडे पावती नसेल, तर वाद घालायला जागाच उरत नाही. अर्ज भरल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंतचा खर्च मोजला जातो. २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत २८ मे रोजी मतदान यंत्रं बिघडली, ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं आणि निकाल ३१ मे रोजी लागला. तोवर हिशेब उघडाच होता.

३. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, वर्गणीला नाही म्हणा. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, २०२५ च्या नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबरला. दोन्ही वेळी प्रचार ऐन मंडईच्या दिवसांत आला. मंडळाची पोरं दारात उभी असतात. दिलेली रक्कम प्रलोभन ठरू शकते.

४. मोठ्या नेत्यासोबत मंचावर बसण्याआधी विचारा, सभेचा खर्च कुणाच्या नावावर? स्टार प्रचारकाच्या प्रवासाला सूट आहे. पण तुम्ही मंचावर असाल, तर सभेच्या खर्चातला वाटा तुमच्या वहीत येतो. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात उमेदवाराची मर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख आहे. पक्षाला मात्र मर्यादाच नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा पक्षांच्या देणगीदारांची नावं तरी बाहेर आली. खर्चाचं दार अजून सताड उघडं आहे. चार कागदांसाठी गावच्या बाईला पाच वर्षं घरी बसवणाऱ्या व्यवस्थेने पक्षांच्या खर्चालाही मर्यादा घातलीच पाहिजे.