प्रवरेच्या उगमाकडे : सहलीतून भूगोलाचा पाठ

अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि ज्या कड्यावर उभे राहिले असता कोकण पायाशी पसरलेले दिसते, तो घाटघरचा कडा याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (1646 मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचा जलाशय आणि रंधा धबधबा ही स्थळेही याच तालुक्यात येतात. शाळांच्या सहली तेथे जातात, मुले आनंदाने परत येतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ‘सहलीचे वर्णन’ या विषयावर दहा ओळी लिहून घेतल्या की काम संपले असे समजले जाते. एवढ्या खर्चात आणि श्रमात याहून पुष्कळ अधिक साधता येईल.

या सहलीस एकच सूत्र धरावे, ते पाण्याचे. सहलीपूर्वी आठवडाभर आधी शाळेच्या अंगणात ओल्या मातीचा लांबट उंचवटा मुलांकडूनच करून घ्यावा. त्याची एक बाजू भिंतीसारखी उभी, दुसरी लांबवर उतरती असावी. मग तांब्यातून बारीक धार माथ्यावर धरावी. काही पाणी उभ्या बाजूने झरकन खाली जाते, काही उतरत्या बाजूने हळूहळू वाहते. मुलांनी हे एकदा पाहिले की सह्याद्री म्हणजे काय, हे निम्मे सांगून झाले. घाटघरच्या कड्यावर गेल्यावर त्यांस एवढेच विचारावे : येथे पडलेला पावसाचा थेंब कोठे जाईल? कड्यावरून पश्चिमेस पडलेले पाणी शहापूर तालुक्यात उतरून थोडक्या अंतरावर अरबी समुद्रास मिळते. पूर्वेस वळलेले पाणी प्रवरेतून गोदावरीत जाते आणि सारे दख्खनचे पठार ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचते. हाताच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची ही गोष्ट मुले सहसा विसरत नाहीत.

पावसाचेही तसेच. नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे या कड्यास अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. घाटघर-रतनवाडीकडे काही वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. अहिल्यानगर शहराच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे 500 ते 600 मिलिमीटरच. एकाच जिल्ह्यात इतका फरक! फळ्यावर या दोन आकड्यांचे उभे पट्टे काढून दाखवावेत. पाथर्डी किंवा जामखेडकडील मुलांना ते पट्टे पाहून जे वाटेल, ते त्यांस बोलू द्यावे.

भंडारदऱ्याचे धरण शेंडी गावाजवळ प्रवरेवर बांधलेले आहे. काम 1910 मध्ये सुरू झाले आणि 1926 मध्ये पूर्ण झाले. दगडी बांधकामाच्या या धरणाची उंची सुमारे 82 मीटर असून त्यात सुमारे 11 अब्ज घनफूट पाणी साठते. हे पाणी नदीपात्रातून संगमनेरच्या पुढे ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत जाते. श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागांतील ऊस याच पाण्यावर वाढला, आणि 1950 च्या सुमारास लोणी येथे सुरू झालेला सहकारी साखर कारखानाही याच पाण्यावर उभा राहिला. कालव्याकाठच्या शाळेतील मुलास आपल्या शेतातील पाटाचे पाणी कोणत्या डोंगरातून आले हे दाखविणे, हा या सहलीचा गाभा होय.

मात्र येथेच एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की जेथे इतका पाऊस पडतो तेथील वाड्यांतील बायांना उन्हाळ्यात हंडे घेऊन दूर का जावे लागते? हा प्रश्न टाळू नये. डोंगर कठीण काळ्या पाषाणाचा, उतार तीव्र, मातीचा थर पातळ. त्यामुळे पाणी जिरत नाही, धावते. साठते ते खाली धरणात, आणि वाड्या असतात वर. शिवाय धरणाचे पाणी प्रामुख्याने खालच्या लाभक्षेत्रासाठी ठरलेले असते. ओली पाटी तिरपी धरली तर थेंब टिकत नाही, हा प्रयोग वर्गात करता येतो. परंतु वाटपाचा भाग शिक्षकाने सरळ शब्दांत सांगावा. चौथी-पाचवीच्या मुलांस न्यायाची जाण नसते, हा समज खरा नव्हे.

शक्य असल्यास तेथील एखाद्या शाळेशी आधी पत्रव्यवहार करून दोन्ही शाळांच्या मुलांची भेट घडवून आणावी. महादेव कोळी व ठाकर समाजाच्या मुलांस नागली, वरई, हिरडा, करवंद यांची जी ओळख असते, ती खालच्या भागातील मुलांस पुस्तकातून मिळत नाही. पाहुण्या मुलांनी खाऊ वाटून निघून जावे, असे या भेटीचे स्वरूप नसावे. तेथील मुलांनी झाडे दाखवावीत आणि पाहुण्यांनी वहीत नावे लिहावीत.

रंधा धबधबा सुमारे 170 फुटांवरून कोसळतो; परंतु वीजनिर्मितीसाठी पाणी वळविले जात असल्याने पावसाळ्यानंतर तो बरेचदा क्षीण दिसतो. मुले निराश होतील. त्यांना पाणी कोठे गेले हे शोधू द्यावे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे दगडी मंदिर वेळ असल्यास अवश्य पाहावे.

सुरक्षिततेविषयी थोडे निक्षून सांगणे आवश्यक आहे. प्राथमिक शाळेची सहल पावसाळ्यात या भागात नेऊच नये. मार्गशीर्षाचा सुमार उत्तम. साम्रदची सांदण दरी मोठ्यांसाठीही अवघड असून, पाऊस आल्यास तिच्यात पाणी एकाएकी भरते. कळसूबाईच्या वाटेवर उभ्या लोखंडी शिड्या आहेत. लहान मुलांस बारी गावातून शिखर दाखवावे, तेवढे पुरे. कड्यापाशी मुलांनी काठापासून दूर बसूनच पाहावे. जलाशयात उतरण्यास कोणासही, शिक्षकांसही, मोकळीक नसावी. हा सारा प्रदेश 1986 पासून अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि कचरा पिशवीतून परत आणावा.

नेवासे तालुक्यातील शाळांना या पाठाचा पुढील भाग घराजवळच पाहता येतो. टोके येथे प्रवरा गोदावरीस मिळते. जायकवाडीच्या फुगवट्यामुळे तेथील पात्र विस्तीर्ण झाले आहे. घाटघरला जाऊन आलेल्या मुलांस एखाद्या शनिवारी संगमावर न्यावे, आणि कड्यापासून तेथवर आलेल्या पाण्याचा नकाशा पुस्तक न पाहता त्यांच्याकडूनच पाटीवर काढून घ्यावा.