बेडकाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बेडकावर लेख लिहितो आहे, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र हसतील. बेडूक त्यांचा, आमच्या वाट्याला कीर्द, खतावणी आणि ताळेबंद. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या काकांच्या पायाला जखम झाली. मधुमेहामुळे ती तीन महिने भरेना आणि शेवटी एक बोट काढावे लागले. त्या दिवसांत अशा जखमांवरील औषधांविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता बेडकापाशी येऊन थांबलो. काकांना हे सांगितले तर ते म्हणाले, "मग एक बेडूकच बांधू काय रे पायाला?" हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

बेडकाच्या अंगावर केस नाहीत, खवले नाहीत, पिसे नाहीत. त्याची त्वचा उघडी व ओली असते आणि तिच्यातून तो श्वसनही करतो. राहायला डबकी, चिखल, कुजका पाला. म्हणजे जंतूंचे माहेरघर. अशा ठिकाणी उघड्या त्वचेने जगायचे तर संरक्षण हवेच. म्हणून बेडकाच्या त्वचेत सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्यांपैकी काही भक्षकाला दूर ठेवतात, तर काही जंतूंना मारतात. औषधशास्त्राचे लक्ष आहे ते या द्रव्यांवर.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ मायकेल झॅसलॉफ आपल्या संशोधनासाठी आफ्रिकेतील नख्यांच्या बेडकाची अंडी वापरीत असत. अंडाशय काढण्यासाठी बेडकाचे पोट उघडायचे, टाके घालायचे आणि त्याला परत टाकीत सोडायचे. टाकीतले पाणी जंतूंनी भरलेले, तरीही टाके चिघळत नसत. हे अनेकांनी पाहिले असेल, 'असे का?' हा प्रश्न झॅसलॉफ यांना पडला. १९८७ मध्ये त्यांनी बेडकाच्या त्वचेतील जंतुनाशक द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्याला 'मॅगेनिन' हे नाव दिले. हे द्रव्य म्हणजे २३ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. तिच्यावर धन विद्युत्भार असतो आणि जंतूच्या बाह्य आवरणावर ऋण. त्यामुळे ती आवरणाला चिकटते, त्याला भोके पाडते आणि जंतू मरतो.

यावरून प्रयोगशाळेत 'पेक्सिगनान' नावाचे द्रव्य तयार झाले. त्याचे मलम मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांसाठीच होते! वाचताना माझे मन केवढे उचंबळून आले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. पण १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता नाकारली. उपलब्ध औषधांपेक्षा ते सरस ठरले नव्हते. २०१६ मध्ये संपलेल्या नव्या चाचण्यांतही यश आले नाही. तेव्हा शोध लागला म्हणजे औषध मिळाले, असे समजू नये. मधली वाट लांब असते आणि बहुतेक प्रवासी वाटेतच थांबतात.

दुसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरचे. जॉन डॅली यांनी १९७४ मध्ये तेथील एका चिमुकल्या विषारी बेडकाच्या त्वचेतून एक द्रव्य मिळवले. उंदरांवर ते मॉर्फिनच्या सुमारे २०० पट प्रभावी वेदनाशामक ठरले आणि त्याची क्रिया मॉर्फिनहून निराळ्या मार्गाने होत होती. मात्र द्रव्य इतके थोडे मिळाले, की त्याची रचना उलगडायला १९९२ साल उजाडले. या 'एपिबॅटिडिन'ची गुणकारी मात्रा व घातक मात्रा फार जवळ असल्याने ते माणसाला देता येत नाही. त्याच्या धर्तीवर बनवलेले सौम्य औषधही दुष्परिणामांमुळे सोडून द्यावे लागले. एक मौज अशी, की हे बेडूक पिंजऱ्यात वाढवले तर त्यांच्या अंगी विष येत नाही, कारण ते रानातल्या किड्यामुंग्यांच्या आहारातून येते. म्हणजे नुसता बेडूक जपून भागत नाही, त्याचे रानही जपावे लागते.

आता घराजवळ येऊ. सह्याद्रीत महाराष्ट्रापासून केरळपर्यंत आढळणाऱ्या एका बेडकाला २०१५ मध्ये 'बहुविस्तार' असे संस्कृत नाव मिळाले. २०१७ मध्ये केरळ व अमेरिकेतील संशोधकांनी याच बेडकाच्या त्वचेतील एका द्रव्याने फ्लूच्या काही विषाणूंचा नाश होतो, असे प्रसिद्ध केले. केरळच्या लवचीक तलवारीवरून त्याला 'उरुमिन' म्हणतात. प्रयोग अजून उंदरांपुरताच आहे. पण ज्या सह्याद्रीच्या पावसावर आपले बेळगाव भिजते, त्याच डोंगररांगेतला हा ठेवा आहे.

येथे माझ्यातला वाणिज्याचा विद्यार्थी जागा होतो. एकेकाळी भारत बेडकांच्या पायांचा मोठा निर्यातदार होता. परकीय चलन जमेच्या बाजूस दिसत होते. पण शेतातले बेडूक गेले तर किडी वाढणार आणि कीटकनाशकांचा खर्चही वाढणार, ही नावेची बाजू कोणी मांडत नव्हते. १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. तरी गोव्यात पावसाळ्यात खाण्यासाठी बेडूक चोरून पकडले जातात. कायद्याने तो गुन्हा आहे.

याहून मोठा तोटा ऑस्ट्रेलियाने सोसला. तेथे एक बेडूक होता, ज्याची मादी फलित अंडी गिळून पिले पोटात वाढवी. तेवढे दिवस तिच्या जठरातील आम्ल बंद राही. जठरव्रणाच्या रुग्णांसाठी यात केवढी आशा होती! पण १९७३ मध्ये शास्त्राला ओळख झालेला हा बेडूक १९८१ नंतर रानात दिसला नाही. त्याची दुसरी जात १९८४ मध्ये नोंदली गेली आणि १९८५ नंतर तीही नाहीशी झाली. संशोधन अर्ध्यावर थांबले, कारण संशोधन करायला बेडूकच उरला नाही. आज जगातील उभयचरांच्या दर पाच जातींपैकी सुमारे दोन धोक्यात आहेत.

व्याजात तोटा आला तर पुढच्या वर्षी भरून निघतो. मुद्दलच गेले तर खाते बंद होते. बेडकाची जात हे मुद्दल आहे. औषधासाठी बेडूक पोत्याने मारावे लागत नाहीत. एकदा रचना कळली की द्रव्य प्रयोगशाळेत बनते. पण ती रचना वाचायला मूळ पुस्तक शिल्लक हवे.

म्हणून काकांना मी सांगितले, "नाही काका, बेडूक पायाला बांधायचा नाही. जखम डॉक्टरांनाच दाखवायची, आणि बेडूक तळ्यातच राहू द्यायचा." काका हसले. रात्री पाऊस लागला आणि आमच्या परसामागच्या डबक्यात बेडूक ओरडू लागले. एरवी "झोप मोडली" म्हणून कुरकुरणारे काका त्या रात्री काही बोलले नाहीत. कन्नडमध्ये त्याला कप्पे म्हणा किंवा मराठीत बेडूक, ताळेबंदात त्याची नोंद आता मालमत्तेच्या बाजूस व्हायला हवी.