विचार येतो, विचार जातो: मानसोपचारात सजगतेचा उपयोग

'माझ्या हातून काहीच होणार नाही.' असा विचार मनात आला की बहुतेक वेळा आपण त्यावर लगेच विश्वास ठेवतो. मन मग जुन्या चुका उगाळत बसते आणि अधिकच खचते. नैराश्यातून बऱ्या झालेल्या व्यक्तीला याचा मोठा धोका असतो. थोडीशी उदासीही तिला पुन्हा आजाराकडे ओढू शकते.

यावर उपाय म्हणून सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी ८ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम तयार केला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला तणावमुक्तीचा कार्यक्रम हा त्याचा पाया. त्यामागची सजगता, म्हणजे पाली भाषेतील 'सति', बौद्ध ध्यानपरंपरेतून आलेली आहे.

उपचारक काय शिकवतात?

सुरुवात होते एका मनुक्यापासून! तो नीट पाहायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. पुढे लक्ष शरीराकडे आणि श्वासाकडे न्यायचे. मन भटकते, भटकू द्या. ते भटकले हे ओळखून, स्वतःला न रागावता परत आणायचे. हाच सराव पुढे विचारांच्या बाबतीत उपयोगी पडतो. 'मी निकामी आहे' याऐवजी रुग्ण म्हणू लागतो, 'मी निकामी आहे, असा विचार आत्ता मनात आला आहे.' विचार तोच, पण त्याची पकड सैल होते. झोप बिघडणे, माणसे टाळणे अशी स्वतःची धोक्याची लक्षणेही रुग्ण लिहून ठेवतो आणि ती दिसल्यास काय करायचे हे आधीच ठरवतो.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्या रुग्णांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्के जणांना ते पुन्हा आले. हा अभ्यासक्रमही केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. मात्र दोनदाच नैराश्य आलेल्यांना असा लाभ दिसला नाही.

एक सावधगिरी

'ध्यान करा, गोळ्यांची गरज नाही,' असे कोणालाही कधीही सांगू नका. औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. तीव्र नैराश्यात किंवा मोठ्या आघातानंतर डोळे मिटून बसणे जड जाऊ शकते. तेव्हा जाणकार उपचारक डोळे उघडे ठेवायला, पायाखालची जमीन अनुभवायला सांगतात. मदत हवी असल्यास टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो.

आज करून पाहा: तीन मिनिटे

१. आत्ता मनात आणि शरीरात काय चालले आहे, ते फक्त पाहा.
२. लक्ष श्वासावर आणा.
३. मग संपूर्ण शरीराची जाणीव घ्या.

या तीन मिनिटांत एखादा विचार आला, तर त्याला हाकलू नका आणि त्याच्यामागे धावूही नका. तो आला आहे, एवढे ओळखले तरी पुरे.