डॅशबोर्डवरचा विझलेला दिवा

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला की आपण दचकतो, बंद असला की निर्धास्त असतो. पण दिवा बंद असण्याची कारणं दोन: एक तर गाडी ठीक आहे, नाहीतर बिघाड सांगणारा बल्बच उडाला आहे. हे दुसरं कारण किती महागात पडतं, ते मला खंबाटकीच्या घाटात कळलं. ज्यांच्याकडे मीटरमध्ये काचेचे बारीक बल्ब असलेली जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

पावसाळ्यातली संध्याकाळ. घरची मंडळी घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. घाटाच्या पायथ्याशी चहा घेतला, गाडी पुन्हा सुरू केली आणि लगेच ट्रकांच्या रांगेत अडकलो. हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर, सगळं चालू. गाडी मात्र जागच्या जागी. बऱ्याच वेळाने हेडलाइट पिवळे पडले, वायपर अर्ध्यावर रेंगाळू लागला आणि आचके देत इंजिन बंद पडलं. मागे ट्रक, वर पाऊस आणि गाडीत साधा पार्किंग लाइटही लागेना. एवढं होईपर्यंत बॅटरीचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये निदान झालं, ‘डायनामो गेला, नवा टाकावा लागेल.’ खर्च हजारांत होता. म्हणून आधी एका जुन्या वायरमनकाकांना गाडी दाखवली. ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. म्हणाले, “साहेब, चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. आता मला सांगा, बॅटरीचा दिवा कुठं लागलाय?”

लागला नव्हता. मग त्यांनी डायनामोच्या मागची बारीक वायर सोडवली, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं त्या पिनला लावलं. टेस्ट लॅम्प पेटला. गाडी सुरू करायला सांगितली. टेस्ट लॅम्प विझला आणि बॅटरीवर लावलेल्या व्होल्टमीटरचा आकडा बारावरून चढत चौदाच्या आसपास जाऊन थांबला. “डायनामो ठणठणीत आहे. मीटरमधला बल्ब गेलाय.”

यातली मेख समजून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीचा दिवा फक्त खबर देत नाही, डायनामोला म्हणजे आल्टरनेटरला सुरुवातीचा करंटही त्याच बल्बमधून मिळतो. तेवढ्या करंटवर आतल्या रोटरमध्ये चुंबकत्व तयार होतं आणि मग चार्जिंग सुरू होतं. बल्ब उडाला की ही वाट बंद. इंजिन जोरात फिरलं तर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर आल्टरनेटर कधी कधी आपोआप जागा होतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर दोष लपून राहतो. चहानंतर गाडी सुरू झाली ती थेट रांगेत. इंजिनाला रेस मिळालीच नाही आणि सगळा भार एकट्या बॅटरीवर पडला.

तेव्हापासून सेल्फ मारण्याआधी चावी ऑनवर ठेवून मीटरकडे बघायची सवय मी लावून घेतली आहे. तुम्हीही लावा. इंजिन बंद असताना ऑइल आणि बॅटरी हे दोन्ही दिवे लागलेच पाहिजेत आणि इंजिन सुरू होताच विझले पाहिजेत. हँडब्रेक ओढल्यावर ब्रेकचा दिवा लागला पाहिजे. बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याची खबरही तोच देतो. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंद लागून आपोआप जातात. यातला एखादा लागलाच नाही, तर त्याच्यामागची यंत्रणा बिघडल्याचं तुम्हाला कधीच कळणार नाही. ऑइलचं प्रेशर गेल्यावर तसंच चालवलेलं इंजिन सीझ व्हायला फार वेळ लागत नाही.

दिवा लागत नाही म्हणून लगेच मीटर उघडू नका. दोष बाहेर नाही ना, ते आधी बघा. ऑइलच्या दिव्यासाठी इंजिनवरच्या ऑइल प्रेशर स्विचची वायर काढा आणि चावी ऑन ठेवून ती इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लागला तर बल्ब चांगला आहे, स्विच तपासा. नाही लागला तर बल्ब किंवा वायरिंग. इंडिकेटरचंही तसंच. बाहेरचे दिवे नीट लुकलुकतात आणि मीटरवरचा बाणच लागत नाही, तर बल्ब मीटरमधला. बाण भरभर लुकलुकतो, तर बहुधा बाहेरचा एखादा बल्ब उडालेला असतो.

आता प्रत्यक्ष काम. आधी बॅटरीची मायनस वायर काढा. एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा आणि स्टिअरिंगला हात लावू नका. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधीच लिहून ठेवा. मीटरभोवतीच्या फ्रेमचे स्क्रू बहुधा वरच्या कडेला आतून असतात. सगळे सापडल्याशिवाय ओढाताण करू नका, प्लास्टिक जुनं झालं की तडकतं. मीटर सुटला की हिसका देऊ नका. जुन्या गाड्यांत मागे स्पीडोमीटरची केबल असते. तिची क्लिप दाबून ती आधी सोडवा. केबल मुरगळली तर पुढे काटा थरथरत राहतो.

मीटरच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची पातळ फिल्म दिसेल, तिच्यावर तांब्याच्या रेघा असतात. हीच मीटरची वायरिंग आणि सगळ्यात नाजूक जागाही हीच. बल्बचे होल्डर पाव वळण फिरवले की सुटतात. पक्कडीने जोर लावलात तर होल्डरच्या कडेने तांब्याची रेघ उचलली जाते आणि दहा-वीस रुपयांचं काम अख्ख्या मीटरवर जातं. होल्डर बोटांनीच फिरवा. जुना बल्ब खिशात घालून दुकानात जा आणि त्याच मापाचा, त्याच वॅटचा मागा. मीटरमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 1.2 वॅटचा छोटा बल्ब असतो. जास्त उजेड हवा म्हणून तिथे 5 वॅटचा कोंबला, तर चौपट उष्णतेने होल्डर आणि फिल्म वितळते.

एलईडीचा मोह अनेकांना होतो. मागच्या प्रकाशासाठी चालेल. उलटा बसला तर लागत नाही, काढून फिरवून लावा. पण बॅटरीच्या दिव्याच्या जागी एलईडी लावू नका. तो इतका कमी करंट घेतो, की आल्टरनेटर जागाच होत नाही. म्हणजे उडालेल्या बल्बचा दोष तुम्ही नवा बल्ब लावून परत आणाल. त्या जागी साधा फिलामेंटचाच बल्ब हवा.

मीटर उघडलाच आहे तर इशारा देणारे सगळेच बल्ब बदला. वय सगळ्यांचं सारखंच झालेलं असतं. स्क्रू आवळण्यापूर्वी कनेक्टर आणि बॅटरी जोडा, चावी ऑन करा आणि एकेक दिवा बघा.

अलीकडच्या गाड्यांत हे दिवे सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले एलईडी असतात आणि काटे बारीक मोटरवर बसवलेले असतात. काटा उपटला की तो पुन्हा अचूक बसवणं अवघड. असा मीटर घरी उघडू नका, जाणकाराकडे द्या. एअरबॅगचा दिवा लागत नसेल तर गाडी जुनी असो वा नवी, स्वतः वायरिंग तपासू नका.

शेवटचं सांगणं जुनी गाडी घेणाऱ्यांना. दोष लपवायला काही जण इशाऱ्याचा बल्ब काढून टाकतात, किंवा एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणजे दोन्ही एकदमच विझतात. म्हणून गाडीचं पुस्तक मांडीवर घ्या, चावी ऑन करा आणि पुस्तकातला प्रत्येक इशारा मीटरवर लागतो का आणि आपल्या वेळेलाच विझतो का, ते पाहा. एकही कमी भरला तर त्याचं कारण सापडेपर्यंत विसार देऊ नका.