पीएचडीचं घड्याळ प्रवेशाच्या दिवशीच सुरू होतं

‘मुलगी पीएचडी करायची म्हणतेय. किती वर्षं लागतील हो?’ पालकांचा हा प्रश्न ठरलेला. मुलंही ‘बघू, चार-पाच’ असं म्हणून वेळ मारून नेतात. खरं तर याचं उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीतच आहे. कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं, प्रवेशापासून जास्तीत जास्त ६. त्यात नाही झालं तर पुनर्नोंदणी करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. महिला संशोधकांना मातृत्व आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं, तर अटी पाळून जमवलेली माहिती नव्या विद्यापीठात नेण्याचीही सोय आहे. ‘आधी लग्न की आधी पीएचडी’ या वादात अडकलेल्या घरांनी ही कलमं एकदा बसून वाचावीत. निम्मा वाद तिथेच मिटेल.

मग एवढी मुदत असूनही प्रबंध का रखडतात? हुशारी कमी पडते म्हणून रखडल्याची उदाहरणं मला फारशी दिसत नाहीत. बहुतेकांचा विषयच सहा वर्षांत मावणारा नसतो, आणि कोणत्या महिन्यात काय करायचं हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

एक विषय घेऊ: ‘महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार स्त्रिया: एक समाजशास्त्रीय अभ्यास’. सिनॉप्सिसवर भारदस्त दिसतो. पण यात बीडही आलं, अहिल्यानगरही आलं, कोल्हापूर-सांगलीचे कारखाने आले, आरोग्य आलं, आगाऊ घेतलेली उचल आली, मुलींची शाळा आली. एकट्या माणसाच्या आवाक्यातलं हे काम नाही. आता हाच विषय छाटू: बीडमधल्या धारूर तालुक्यातल्या चार-पाच गावांतली हंगामी वसतिगृहं आणि तिथे राहणाऱ्या मुलींचं शिक्षण. आईवडील ऊसतोडीसाठी फडावर गेल्यावर मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच चालणारी ही सोय. विषय लहान झाला, पण प्रश्न टोकदार झाला: वसतिगृह असूनही काही मुली आईबरोबर फडावर का जातात? या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. पहिल्या विषयात मुळात प्रश्नच नव्हता.

आता कॅलेंडर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमांच्या गाड्या भरतात आणि गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून उचल घेतलेली असते, त्यामुळे आई घरी सापडणार नाही. वसतिगृहं चालू असतात ती याच काळात. आया गावात परततात त्या गाळप संपल्यावर, उन्हाळ्यात. म्हणजे मुलींशी बोलायचं तर हिवाळ्यात आणि आयांशी सविस्तर बोलायचं तर मे-जूनमध्ये. वर्षातून अशा दोनच खिडक्या, आणि त्यातली एक हुकली की वर्ष गेलं. मुली अल्पवयीन, म्हणून संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागणार, पालकांची संमती लागणार. परवानगीचा अर्ज दिवाळीत केला, तर पहिला हंगाम हातचा गेलाच म्हणून समजा. जानेवारीत प्रवेश झाला असेल, तर जुलैपर्यंत कोर्सवर्क, ऑगस्टच्या आत प्रश्नावलीचा कच्चा मसुदा आणि परवानगीचा अर्ज, दिवाळीआधी गावांत ओळखीपाळखी, असा हिशेब मांडावा लागतो. दुसरा हंगाम राखीव ठेवायचा, कारण पहिल्या हंगामात आपण चुकीचे प्रश्न विचारत होतो हे हमखास नंतर कळतं.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हंगाम नसतो, पण उपकरणाची रांग असते. इतिहासवाल्याला पुण्याच्या पेशवे दप्तरात बसायचं तर आधी मोडी वाचता आली पाहिजे; ती शिकायला लागणारे महिने आराखड्यात धरलेले असायला हवेत. प्रत्येक विषयात अशी एक गोष्ट असतेच, जी आपल्या सोयीने होत नाही. ती आधी शोधा आणि बाकीचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवा.

गाइड निवडताना मोठ्या नावामागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नियमाप्रमाणे प्राध्यापकांकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांकडे ६ आणि सहायक प्राध्यापकांकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी सेवा राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. या दोन गोष्टी विभागात विचारून घ्यायला लाजू नका. सर दर महिन्याला भेटतात का, लिहिलेलं वाचून परत देतात का, हे त्यांच्याकडे सध्या असलेला विद्यार्थीच सांगू शकेल, तेही कॅन्टीनमध्ये. बायोडेटात ते नसतं. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पुष्कळ विद्यार्थी याला नुसती सही घेण्याची औपचारिकता समजतात. वास्तविक ‘काम भरकटतंय’ असं अधिकृतपणे सांगणारी हीच एक जागा आहे. तिथे अडचण झाकून ठेवली की ती व्हायवात उघडी पडते.

लिखाण शेवटच्या वर्षासाठी ठेवणं हा सगळ्यांत महागडा आळस. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर अर्धं पान, त्याच दिवशी. संदर्भ झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, पृष्ठ क्रमांकासह. मुलाखतीची ध्वनिफीत त्या आठवड्यातच उतरवून घ्या, कारण सहा महिन्यांनी स्वतःचीच टिपणं परक्याची वाटतात. अवतरण कुणाचं आणि वाक्य आपलं कुठलं, हे सुरुवातीपासून वेगळं ठेवलं नाही, तर वाङ्मयचौर्याच्या तपासणीत धाबं दणाणतं. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द होते. शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. आपल्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का ते पाहा, पण पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका.

आता पालकांच्या काळजीचा विषय, पैसा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. एकूण मुदत ५ वर्षं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं. पण पैसे दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडतील, अशा भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नये. पाच-सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असावा. नोकरी सांभाळून करायचं असेल, तर अर्धवेळ पीएचडीची तरतूद आहे, त्याला नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएचडीला मात्र मान्यता नाही. परदेशी विद्यापीठाचं नाव लावून ‘घरबसल्या डॉक्टरेट’ विकणाऱ्यांपासून सावध राहा, असं आयोगानेच जाहीरपणे सांगितलेलं आहे.

एक गैरसमजही दूर करायला हवा. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी सक्तीची नाही. २०२३ मध्ये आयोगाने नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता कायम केली. तेव्हा ‘नोकरी मिळत नाही तोवर पीएचडी’ या हिशेबाने मुलाला ढकलू नका. तसा गेलेला मुलगा तिशीत अर्धवट प्रबंध घेऊन परत येतो आणि मग घरात कुणीच तो विषय काढत नाही. आणि जो मनापासून गेला आहे, त्याला प्रत्येक लग्नकार्यात ‘अजून झालं नाही का?’ विचारू नका. त्यापेक्षा ‘या सहामाहीत समितीपुढे काय मांडणार आहेस?’ हे विचारा. त्याला उत्तर देता आलं, तर गाडी रुळावर आहे.

अर्ज भरायचा विचार असेल, तर त्याआधी एवढं करा. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात. तुमच्या विषयातले, तुम्हाला हव्या त्या गाइडच्या हाताखाली झालेले तीन प्रबंध उतरवून घ्या. प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचा, नोंदणी कधी झाली आणि प्रबंध कधी सादर झाला याच्या तारखा दिल्या असतील तर त्या पाहा. ते वाचून कंटाळा आला नाही, तर प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागा.